वाण परत मागणारी बाई

संक्रांतीचं वाण कुणी परत मागितल्याचं तुम्ही ऐकलं नसेल. मी मागितलं. पणदऱ्यात, भर हळदीकुंकवात, अंगणभर बायका बसलेल्या असताना उभी राहून मोठ्या आवाजात मागितलं. नोकरी सोडायच्या याहून सभ्य रीती असतात हे मला ठाऊक आहे. लोक राजीनामा लिहितात, महिनाभर मान खाली घालून काम करतात, शेवटच्या दिवशी केक कापतात आणि भेट मिळालेलं पेन घेऊन घरी येतात. माझ्या नशिबात तसलं काही नव्हतं, आणि स्वभावात तर अजिबात नव्हतं. आमची आई म्हणायची, ही पोरगी आधी बोलते आणि मग श्वास घेते.

मी मूळची इंदापूरची. अब्बांचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. संक्रांतीच्या दिवसांत ते बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडायचे आणि शाळा बुडवून मी त्यांच्या मागं. आमच्या घरी संक्रांत नसते, पण माझ्या लहानपणी तिच्याइतका कामाचा सण दुसरा नव्हता. घराघरात हळदीकुंकू चाललेलं, अब्बा ओसरीवर बसून बायकांच्या हातात बांगड्या भरताहेत आणि मी कोपऱ्यात तिळगूळ खात सगळ्यांचं बोलणं ऐकतेय, असं माझं बालपण गेलं. चढवताना बांगडी फुटली तर तिचा पैसा अब्बा घेत नसत. फुटली ती आपल्या हातून, असं ते म्हणायचे आणि दुसरी काढायचे.

पुढं मी शेतकी पदविका केली, लग्न होऊन बारामतीत आले आणि एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत लागले. नवऱ्याचं बारामतीतच दुचाकीचं गॅरेज आहे. आमची कंपनी जनावरांसाठी क्षारांची पावडर बनवायची. दुभत्या गाईच्या अंगातलं कॅल्शियम दुधावाटे निघून जातं, ते भरून यावं म्हणून खुराकात रोज एक माप मिसळायचं. गावात तिला सगळे नुसतं ‘पावडर’ म्हणत आणि मला ‘पावडरवाल्या ताई’. काटेवाडी, सांगवी, पणदरे आणि आसपासच्या वस्त्या हा माझा इलाखा. दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं तो भाग वेगळा, पण आमच्याकडं गाय कळते ती बाईला. म्हणून मी सरळ गोठ्यात जायचे, शेणात पाय घालून उभी राहायचे आणि बायकांशी बोलायचे.

संक्रांतीला वाण म्हणून पावडरीचं पाकीट द्यायचं, ही कल्पना माझीच. बायका गाळण्या, वाट्या, प्लॅस्टिकचे डबे लुटतात, मग आपण पाकीट का नाही, असं मी जुन्या मालकांना म्हटलं. ते हसले आणि हो म्हणाले. कल्पना फार चालली, कारण वाणाला कुणी नाही म्हणत नाही. दुकानदारानं फुकट दिलेलं पाकीट बाई फळीवर टाकून विसरेल, पण हळदीकुंकवाच्या ताटातून हातात आलेली वस्तू ती वापरतेच. आणि देणारीच्या आठवणीनं वापरते. आमच्या पावडरीत काही खोट नव्हती, म्हणून मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

पणदऱ्याच्या एका आक्कांकडं मी दरवर्षी जायचे. साठी ओलांडलेली बाई, दावणीला पाच गाई, आवाज असा की दोन रानं पलीकडं ऐकू जावा. पहिल्या वर्षी त्या माझ्यासमोर कुंकवाची कोयरी घेऊन आल्या, क्षणभर थांबल्या, मग कोयरी खाली ठेवून अत्तरदाणी उचलली आणि माझ्या मनगटाला अत्तर लावलं. “तुला ह्ये,” एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून अख्ख्या पणदऱ्यात कुंकवाच्या जागी मला अत्तर लागत आलंय. संध्याकाळी मी घरी आले की नवरा म्हणायचा, आज कुठं लग्नाला गेली होतीस का.

एक गोष्ट मी प्रत्येक गोठ्यात घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचे. व्यायच्या आधी गाय आटवतात, म्हणजे तिचं दूध काढणं बंद करतात. गाय आटवली की ही पावडरही बंद. आधीच्या दिवसांत कॅल्शियम फुकटात मिळत गेलं की तिचं अंग आळशी होतं, स्वतःच्या हाडातून ते काढायचं विसरतं. मग व्याल्याबरोबर कासेत दूध उतरतं, अंगातलं कॅल्शियम एकदम संपतं आणि गाय बसते. कान गार पडतात, मान पोटाकडं वळते. डॉक्टर वेळेवर पोचले आणि सलाईन चढली तर उठते, नाही तर जाते. हे मी एवढ्या वेळा सांगितलं होतं की सांगवीच्या एका सासूनं सुनेला दम भरताना, “ताई काय म्हनल्यात, ध्यानात हाय का,” असं माझ्यासमोरच म्हटलं होतं. त्या दिवशी मला पगारवाढ झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

मग जुने मालक थकले. त्यांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली आणि पुण्याहून नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना अहो-जाहो करायचा, वेळेवर यायचा, टेबल स्वच्छ ठेवायचा. फक्त गाय त्यानं बहुतेक रस्ता अडवून बसलेलीच पाहिली असावी.

संक्रांतीच्या आधी त्यांनी मला बोलावलं आणि नवं पाकीट पुढं ठेवलं. वर माझा फोटो होता. हसरा, पदर नीट घेतलेला, कधी तरी प्रदर्शनात काढलेला. खाली मोठ्या अक्षरात ‘ताई सांगतात’. आत एक रंगीत कार्ड, त्यावर लिहिलेलं: गाय आटवली की रोज दुप्पट पावडर द्या, व्याल्यावर डॉक्टरची गरज नाही.

मला वाटलं छापणाऱ्याची चूक झाली. मी म्हटलं, “साहेब, हे उलटं छापलंय.”

“उलटं नाही मॅडम, विचार करून छापलंय.” त्यांनी खुर्ची पुढं ओढली. “दूध बंद झालं की बायका आपली पावडर घेणं बंद करतात. म्हणजे दर गाईमागं दोन महिने आपलं गिऱ्हाईक जातं. ते का घालवायचं?”

“कारण गाय बसेल.”

“सगळ्या बसतात का?”

“सगळ्या नाही बसत.”

“मग?”

तो ‘मग’ माझ्या कानात अजून आहे. मी त्यांना म्हटलं, ज्या बाईची गाय बसेल तिच्या गोठ्यात येऊन हा ‘मग’ म्हणून दाखवा, मी तुमच्या सोबत येते. ते हसले. म्हणाले, “तुम्ही फार मनावर घेता. तुम्ही काही बोलू नका, नुसतं वाण द्या. कार्ड बायका वाचतील.”

“मी हे पाकीट वाटणार नाही,” मी म्हटलं, “आणि माझ्या फोटोसकट तर कुणीच वाटायचं नाही.”

“बघू,” ते म्हणाले. मोठ्या कंपनीतल्या माणसाचं ‘बघू’ म्हणजे काय असतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी रागानं दार आपटून बाहेर पडण्यात गुंतले होते.

घरी सगळं सांगितलं. लेकीचं कॉलेज नुकतंच सुरू झालेलं, गॅरेजचं काम कधी असतं कधी नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही तो विषय काढला नाही. नवरा चहा पिता पिता म्हणाला, “पाकीट वाटलंस तर घरात तुझं तोंड बघायचं मला जमणार नाही. तू चिडलीस की भांडी आपटतेस, आणि हा राग वर्षभर पुरेल.” ही त्याची पाठिंबा द्यायची पद्धत.

संक्रांत झाली. साहेबांनी मला इंदापूरला कृषी प्रदर्शनात स्टॉलवर पाठवलं. मला वाटलं, चला, वाणाचा विषय मिटला. माहेर, दोन वेळचं आईच्या हातचं जेवण, आणि वर पगार. मी खुशीत गेले. माझ्यासारखी संशयी बाई इतकी सहज कशी फसली, याचं मला आजही हसू येतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्टॉलवर गर्दी कमी झाली म्हणून फोन उघडला. आक्कांच्या धाकट्या सुनेनं स्टेटस ठेवलं होतं. पणदऱ्याच्या देवळापुढं बायकांची रांग, सगळ्यांच्या हातात ते पाकीट, आणि मागं माणसापेक्षा मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर मी. हसतेय. खाली लिहिलेलं, ‘ताईंकडून संक्रांतीचं वाण’.

मी आक्कांना फोन लावला.

“आलं की गं तुजं वाण,” आक्का म्हणाल्या. “गाडी घिऊन आलती मान्सं. तू का आली न्हाईस? बरं न्हाय व्हय?”

“आक्का, पावडर चालू केलीत का?”

“केली की परवापासनं. काळीला दुप्पट. ल्हिवलंय तसं. कदी बी व्यायल आता ती.”

काळी म्हणजे त्यांची सगळ्यात दुधाळ गाय. जी सगळ्यात जास्त दूध देते तीच आधी बसते.

“आजपासून बंद करा. चिमूटभरसुद्धा नको.”

“आगं पर तूच तर सांगितलंयस.”

“मी नाही सांगितलं, आक्का.”

मग त्या म्हणाल्या, “कागदावर तुजा फोटू हाय.” त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांचा आवाज नुसता गोंधळलेला होता आणि तो माझ्यामुळं तसा झाला होता. मी म्हटलं, येतेच. त्या म्हणाल्या, ये, आज माज्याकडंच हळदीकुकू हाय.

एकेकीला फोन करत बसण्यात अर्थ नव्हता. अर्ध्या घरांतला फोन नवऱ्याच्या नाही तर लेकाच्या खिशात, आणि तो रानात. मी स्टॉलवरच्या सोबत्याला, आता तू बघ, म्हटलं आणि कंपनीची स्कूटी काढली. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. दोन-दोन ट्रॉल्या, वर रचलेला ऊस, गाण्यांचा दणदणाट. एकालाही पुढं जाऊ द्यायची घाई नाही. काटेवाडी येईपर्यंत मी सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना मनातल्या मनात इतकं बोलून घेतलं की पणदऱ्याला पोचेपर्यंत साहेबांसाठी काही उरतंय की नाही अशी भीती वाटली.

बारामतीत गॅरेजपाशी थांबले. नवरा एका मोटारसायकलीच्या पोटात हात घालून बसला होता. मी सगळं एका दमात सांगितलं.

“भांडायला निघालीस की सोडायला?” त्यानं विचारलं.

“दोन्ही.”

“मग हेल्मेट घाल,” तो म्हणाला. रागाच्या भरात मी ते इंदापूरलाच विसरून आले होते. त्यानं गिऱ्हाइकाचं काढून माझ्या हातात दिलं.

आक्कांच्या अंगणात पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. सतरंज्या अंथरलेल्या, बायका दाटीवाटीनं बसलेल्या, काटापदराच्या साड्या, गजरे, काळ्या चंद्रकळा. दाराशी कंपनीची जीप उभी आणि जीपजवळ साहेब, सोबत फोटोवाला. जाहिरातीसाठी बायकांचे फोटो हवे होते त्यांना. मला पाहून त्यांचा चेहरा पडला, पण लगेच सावरून म्हणाले, “अरे वा, मॅडम आल्या.”

आक्कांनी नेहमीसारखं माझ्या मनगटाला अत्तर लावलं. मी बसले नाही. तिथंच उभी राहिले आणि म्हटलं, “बायांनो, देवळापुढं तुम्हाला मिळालेलं वाण मला परत पाहिजे.”

वाटीत तिळगूळ घालणाऱ्या पोरीचा हात वरच राहिला. मग एक बाई हळूच म्हणाली, “वाण कुटं परत मागत्यात व्हय, ताई? बरं दिसतं का त्ये?” दुसरी पुटपुटली, अपशकुन असतो. माना हलल्या. या बायका वर्षानुवर्षं माझं ऐकत आल्या होत्या आणि आता माझ्याकडं असं बघत होत्या, जणू मी भर अंगणात कुणाचं ताट ओढून घेतलं होतं.

“मॅडम, आपण बाहेर बोलू या,” साहेब पुढं आले.

“हितंच बोलू साहेब,” मी म्हटलं. आवाज चढला की माझी भाषाही बदलते. “माझा फोटो हितंच वाटला ना तुमी?”

मग मी बोलले. कार्डावर काय लिहिलंय, ते का लिहिलंय, आणि तसं केलं तर गाईचं काय होतं. ज्यांनी माझ्याकडून हे आधी शंभरदा ऐकलं होतं त्यांना मी ते पुन्हा सांगितलं. “माझा फोटो घेतलाय, जीभ नाही घेतली,” मी म्हटलं. “ते वाक्य माझं नाही. तुमच्यापैकी कुणाची गाय आटलीय, हात वर करा.” एक हात वर झाला, मग तीन, मग मोजायचं मी सोडून दिलं.

साहेब शांतपणे म्हणाले, “ताई, माई, आक्का, काळजी करू नका. कंपनीचं संशोधन आहे. मॅडमची जरा पगारावरून नाराजी आहे, म्हणून त्या असं बोलतायत.”

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांना मारावंसं वाटलं. पण माझ्याआधी आक्का बोलल्या. त्या साहेबांकडं बघतही नव्हत्या.

“पोरी, ह्ये तू आज बोललीस. उद्या तुजी नोकरी ऱ्हाईल का?”

“नाही राहणार, आक्का. राहायला नकोच आहे.” मी गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढलं आणि साहेबांच्या हातात ठेवलं. त्यावर स्कूटीची किल्ली ठेवली. “लिहून उद्या देते साहेब. आज तोंडी घ्या.”

मला वाटलं होतं, असं काही करताना छाती धडधडेल. तसं काहीच झालं नाही. उलट दिवसभर आवळलेली कंबर सैल सोडावी तसं वाटलं आणि मोठ्यानं हसावंसं वाटलं. पण हसायची वेळ नव्हती, कारण पाकिटं अजून घराघरात होती.

आक्कांनी पदर खोचला. “वाण आमी परत देनार न्हाय,” त्या म्हणाल्या. “तसं कुनी केलं न्हाय, आमी बी करनार न्हाय.”

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला.

“पर रथसप्तमी आजून हुयाचीय,” आक्का पुढं म्हणाल्या. “वाण आमाला बी देता येतं की.”

त्या घरात गेल्या. बाहेर आल्या त्या ते फोडलेलं पाकीट घेऊन. त्याचं तोंड दोऱ्यानं नीट बांधलं होतं. ताटातली हळद लावली, कुंकू लावलं, वर तिळगुळाचा एक लाडू ठेवला आणि सरळ साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “सायेब, तुमच्या मालकिनीस्नी आमच्याकडनं वाण. घिऊन जावा.”

साहेबांनी हात मागं घेतला. “अहो, नको, कशाला...”

“वाणाला न्हाय म्हनत न्हाईत,” आक्का म्हणाल्या.

ते घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. सणाचा दिवस, हळदीकुंकू लावलेली वस्तू, तीही बायकोसाठी दिलेली. नाही कसं म्हणणार? त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी धरलं. आणि मग कुणी काही न सांगता बायका उठायला लागल्या. कोपऱ्यावरची घरं, पाटाकडची घरं, वस्त्या. ज्या लांबच्या त्यांनी लेकीला गाडीवर पिटाळलं. थोड्याच वेळात एकेक पाकीट यायला लागलं. प्रत्येकीनं रीतसर हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ ठेवला. “वैनीस्नी सांगा, पनदऱ्याचं वाण हाय.” “माज्याकडनं बी.” “आन् ह्ये माज्या जावंचं, ती म्हायेरी गेलीया.” साहेबांचे हात भरले तेव्हा त्यांनी जीपचं मागचं दार उघडलं आणि आपल्याच हातानं पाकिटं आत रचायला लागले. फोटोवाल्याला थांब म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळं तो इमानेइतबारे फोटो काढत होता.

शेवटी एका चावट बाईनं साहेबांना विचारलं, “येवढं वाण न्हेताय, तर वैनींचं नाव तरी घ्या.” आणि अंगणात असा हशा पिकला की मगाशी अपशकुन म्हणणारी बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. साहेबांनी नाव घेतलं नाही. कान मात्र लाल झाले. देवळापुढचा फ्लेक्स तेवढा आक्कांच्या सुनेनं ठेवून घेतला, गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर टाकायला. माझा चेहरा आता खाली तोंड करून गाईंकडं बघत असतो.

जीप गेल्यावर आक्का मला गोठ्यात घेऊन गेल्या. काळी उभी होती, कास भरलेली, पोट खाली उतरलेलं. मी तिच्या कानांना हात लावला. गरम होते. पण आता ते गरम असून उपयोग नव्हता, व्याल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. दुप्पट पावडर तिच्या पोटात गेली होती आणि ती मला कुठल्याही ताटात घालून परत करता येणार नव्हती. मी गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, व्यायला लागली की लगेच कळवा, मी सलाईनच्या बाटल्या गाडीतच ठेवतो.

“बसंल का गं?” आक्कांनी विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं. खोटं सांगून धीर द्यायची सोय मी मगाशीच मोडली होती.

पणदऱ्याहून बारामतीला मी एसटीनं आले. खिडकीशी बसले होते, मांडीवर गिऱ्हाइकाचं हेल्मेट, मनगटाला अत्तराचा वास. उद्यापासून कामाला जायचं नव्हतं. घरखर्चाचं गणित काय बसवायचं याचा पत्ता नव्हता. आणि तरी मी इतकी खूश होते की कंडक्टरनं सुटे नाहीत म्हणून कुरकुर केली तर त्यालाही तिळगूळ दिला.

दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आले. साहेब जागेवर नव्हते. तोवर आक्कांच्या धाकट्या सुनेनं अंगणात काढलेले फोटो काटेवाडी, सांगवीत पोचले होते. तिथं पाकिटं वाटायला गेलेली माणसं भरल्या गाडीनिशी परत आली असं ऐकलं. पुढं ते कार्डही कंपनीनं बंद केलं म्हणे. मला फोन यायचे, बायका हसायच्या, पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावायच्या. मीही सांगायचे आणि दर वेळी थोडं तिखटमीठ लावायचे. पण फोन ठेवला की काळीची आठवण यायची. रोज सकाळी मी आक्कांना विचारायचे, आणि रोज त्या म्हणायच्या, आजून न्हाय.

मग एका दुपारी मी नवऱ्याचा डबा घेऊन गॅरेजवर गेले होते. तो एका गाडीचं इंजिन चालू करून आवाज ऐकत होता आणि माझा फोन वाजला. आक्का. मी हातानं खूण केली, गाडी बंद करा. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि लगेच बंद केली.

“व्याली,” आक्का म्हणाल्या. “दिस उगवायला. कालवड झाली.”

“आणि काळी?”

“जरा हालली बग. मागचं पाय लटलटलं. डॉक्टर आलतं, बाटली लावली त्यानी.” त्या थांबल्या. “आता उभी हाय. वैरन खातीया.”

मी तिथंच, तेलानं माखलेल्या बाकड्यावर बसले आणि रडायला लागले. चांगली साडी होती, खराब झाली. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, उभी आहे. त्यानं गाडीवाल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, आमची गाय व्याली. आमच्याकडं साधी कोंबडीसुद्धा नाही.

“रडतीस व्हय?” आक्का फोनवर म्हणाल्या. “बास कर. कामाचं बोल. आता हिला काय आन् किती घालू, त्ये सांग.”

“आक्का,” मी डोळे पुसत म्हटलं, “माझ्याकडं आता पावडर नाही. कंपनी सोडली मी.”

“पावडर कोन मागतंय तुज्याकडं?” आक्का म्हणाल्या. “तू सांग म्हंते मी. पावडर काय, दुकानात बी मिळती.”

मी नाक पुसलं, नीट बसले आणि सांगायला लागले.